घरी बोलली जाणारी भाषा

"ताई, घरी जे बोलता तेच लिहा. या रकान्यावरूनच पुढचं सारं ठरते," बंडूजी म्हणाले आणि फॉर्मवर त्यांनी बोटानं टकटक केलं.

रोशनीनं मान वर केली नाही. सेलूतल्या त्या इंग्रजी शाळेच्या ऑफिसात पंख्याखाली पाच-सहा आईबाप फॉर्म भरत बसले होते आणि तिच्या मते क्लार्कचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. मुलीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, बापाची नोकरी, सगळं लिहून झालं होतं. 'घरी बोलली जाणारी भाषा' एवढ्या एका ओळीपाशी पेन अडलं होतं.

"मराठी लिहिलं तर काय होतं?" तिनं हळूच विचारलं.

"काई होत नाई. जेवनाच्या सुट्टीनंतर ब्रिज क्लास लागते. रूपाली मॅडम घेतात. ज्यायच्या घरी इंग्रजी नाई त्या लेकरायले हाताले धरून पलीकडं नेतात, बस."

"आणि तेव्हा बाकीची मुलं काय करतात?"

"बाकीचे वर्गातच राहतात."

एवढंच तिला ऐकायचं होतं. बाकीचे वर्गात राहतात आणि थोडे उठून जातात. उठून जाणाऱ्यांकडे बसलेले कसे बघतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वर्ध्याच्या कॉलेजात तीन वर्षं तिनं शेवटून दुसऱ्या बाकावर काढली होती. प्रश्न कळायचा, उत्तर यायचं, पण ते इंग्रजीत जुळवून तोंडापर्यंत आणेस्तोवर दुसरं कुणी बोलून मोकळं झालेलं असायचं. नागपूरच्या एका मुलाखतीत स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि पुढं ती समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिली. लेकीचं, यशोधराचं, असं होऊ द्यायचं नव्हतं. ढ मुलांच्या वर्गात तर नाहीच नाही.

तिनं 'इंग्लिश' लिहिलं.

बंडूजींनी चष्म्यावरून आधी फॉर्म पाहिला, मग तिला. "माह्या पोराच्या फॉर्मवर बायकोनं हिंदी लिहून टाकलं होतं, कार्टून पाहून शिकला म्हने. ताई, सुधरवाचं असन तं आत्ताच सुधरवा. मंग लेकरू अडकते."

"आम्ही बोलतो घरी इंग्रजी," रोशनी म्हणाली. "तुम्ही शिक्का मारा."

घरी येताना तिला वाटलं, क्लार्क माणूस. त्याला काय कळतं.

त्या घरात, म्हणजे हायवेपासून आत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत, बोलायचं काम खरं तर एकच माणूस करत असे, सीताबाई, रोशनीची सासू. रोशनीचा नवरा रत्नदीप चाकणच्या कंपनीत होता. वर्षातून दोनदा यायचा आणि एरवी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर दिसायचा. यशू झाली तेव्हा सीताबाई केळझरहून बाळंतपणाला म्हणून आल्या आणि सहा वर्षं राहिल्या. जन्मभर कापूस वेचून त्यांनी पोराला डिप्लोमा करवला होता. स्वतः प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकल्या होत्या. मास्तरनं सांगितलं की ती त्यांची पूर्वदिशा.

आणि बोलण्याला खळ नसे. कणीक मळताना कणकेशी बोलत, दूध उतू गेलं तर दुधाला रागावत. यशूशी तर सकाळी डोळा उघडल्यापासून. "उठ वं माय, सूर्य कुठसा गेला पाह्य." संध्याकाळी ओट्यावर गोष्ट चाले. गोष्ट बहुधा एकच, कापसाच्या बोंडात राहणाऱ्या म्हातारीची. ती कुणालाच दार उघडत नसे, आणि ते का उघडत नाही याचं कारण यशू रोज नवं काढत असे. "कपडे नाई घातले तिनं," यशू म्हणायची, आणि दोघी लोळून हसायच्या. आत अभ्यासाची पुस्तकं लावत बसलेली रोशनी तेव्हा मनात म्हणायची, हेच सगळं इंग्रजीत आलं असतं तर.

जूनअखेर शाळा सुरू झाली. ऑगस्टमध्ये पालकांना बोलावणं आलं.

वर्गशिक्षिका नागपूरच्या होत्या, भरभर बोलायच्या. "व्हेरी क्वाएट चाइल्ड. दोन महिने झाले, वर्गात एक शब्द नाही बोलली. मी नाव विचारलं तरी बेंचकडे बघते." मग त्यांनी कागद चाळला. "घरी इंग्लिशच आहे ना तुमच्या?"

ही वेळ होती. रोशनीला ती कळलीही होती. पण मागं दोन आया उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या पर्सला चष्म्याची केस अडकवलेली होती, आणि ती ऐकत होती.

"येस मॅडम."

"मग घरात कुणीतरी मिक्स करतंय. आजी-आजोबा असतात का? त्यांना सांगा, फक्त इंग्लिश. स्ट्रिक्टली. नाहीतर मूल दोन्हीकडून जातं."

संध्याकाळी सीताबाई पालक निवडत होत्या. रोशनी समोर बसली आणि तिनंही एक जुडी ओढून घेतली.

"आई, शाळेतून सांगितलंय. यशूशी घरी इंग्रजीतच बोलायचं."

"चांगलं हाये नं. बोल तू. तुले तं येते."

"सगळ्यांनीच."

सीताबाईंचे हात थांबले. "मले कुठं येते वं?"

"म्हणून म्हणते, थोडे दिवस जरा कमी बोला तिच्याशी."

"किती कमी?"

रोशनी पालकाचे देठ मोडत राहिली. सीताबाईंनी तिच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रोशनीला पुढं फार वेळा वाटलं.

"मोठ्या मॅडमनं सांगतलं काय?"

"हो."

"आन् मंग तो दुसरा वर्ग व्हता म्हने, मराठीवाल्या पोरायचा?"

"तो ढ मुलांचा आहे, आई. तिथल्या मॅडमपण तशाच. आपल्याला तिथं नाही घालायचं."

"नाई नाई," सीताबाई घाईनं म्हणाल्या. "शिक्षनाची गोष्ट हाये. माह्या बोलन्यानं पोरगी मांगं राहत असन तं मी मुकी राहीन. त्यात काय."

आणि त्या खरंच मुक्या झाल्या. पहिले काही दिवस गंमत होती. यशूनं गोष्ट सांग म्हटलं की आजी ओठ दाबून दूर पळायची. रोशनीनं शिकवलेले 'कम' आणि 'सिट' हे दोन शब्द त्या इतक्या गंभीरपणे म्हणायच्या की यशू हसून गडबडा लोळायची. शेजारच्या घरमालकीणबाईंनी भिंतीवरून विचारलंही, "काऊन वं रोशनी, सासूनं मौनव्रत धरलं काय? माह्या सासूले पन शिकव एखांदं." पण यशू हळूहळू विचारायची थांबली. आजीजवळ जाऊन नुसती बसायची. आजी तिच्या केसांतून हात फिरवायची, वेणी घालायची आणि उठायची.

राहिली रोशनी. वॉश युवर हँड्स. फिनिश युवर मिल्क. डोंट रन. दहा-बारा वाक्यं झाली की तिचं इंग्रजी संपायचं. त्यात हुकूम होते, गोष्ट नव्हती. सप्टेंबरात यशूला ताप आला. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन काय बोलावं हे तिला सुचेना. 'टेक मेडिसिन' म्हणून झालं होतं. स्वयंपाकघराच्या दारात सीताबाई मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पट्टी ठेवली, एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

डिसेंबरातली गोष्ट. यशू शाळेच्या ऑटोतून उतरली, दप्तर ठेवलं आणि जेवायला बसली ती डाव्या हातानं.

"यशू, राइट हँड," रोशनी म्हणाली.

यशूनं उजवा हात ताटाकडे नेला आणि परत मांडीवर ठेवला.

"राइट हँड, यशू." मग तिसऱ्यांदा, जोरात.

सीताबाई सरकत पुढं आल्या आणि त्यांनी स्वेटरची बाही वर केली. मनगट टम्म सुजलं होतं.

"अवं माय, हे काय झालं तुले? कुठं पडली वं?"

चार महिन्यांत त्यांचं पोरीशी पहिलं वाक्य. यशूचे ओठ हलले. पण बोलण्याआधी तिनं आईकडे पाहिलं. उत्तर दिलं तर चालेल का, असं ते बघणं होतं.

हाडाला चीर होती. प्लास्टर घालताना डॉक्टर विचारत होते, कधी लागलं, कसं लागलं, आणि रोशनीकडे सांगायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं, सकाळच्या छोट्या सुट्टीतच ती पायऱ्यांवरून पडली होती. दिवसभर तशीच बसून राहिली. कुणाला काही बोलली नाही, एकाही मॅडमना कळलं नाही.

सीताबाईंनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. "माह्या तोंडातून निंगालं वं," त्या म्हणाल्या. "चार महिन्याचं पानी झालं. मी इथसा राह्यली तं बोलल्याबिगर राहवनार नाई मले." तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"राहा ना आई," रोशनी म्हणाली.

आपल्याकडे एकदा म्हटलेलं कुणी म्हटल्यात धरत नाही. पाहुण्याला चहा घ्या म्हणून एकदाच विचारलं तर तो नको म्हणतो; दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणावं लागतं. रोशनीला हे ठाऊक होतं. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आता निदान घरात एकच भाषा राहील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो विचार तिला अजून सोडत नाही. सीताबाईंनी स्टँडवर यशूची पापी घेतली. एसटीचं तिकीट काढेस्तोवर केळझर येतं, इतकं जवळ.

मग घरात आवाज उरला तो कुकरचा आणि टीव्हीवरच्या कार्टूनचा. यशू शाळेतून यायची, खायची, चित्र रंगवायची. फोनवर रत्नदीप विचारायचा, "हाऊ वॉज स्कूल, बेटा?"

"गुड."

"आन् दुसरं?"

"गुड."

"चांगली बोलून राह्यली हो आता," रत्नदीप खूश व्हायचा. रोशनी कॅमेरा आपल्याकडे वळवायची, बरं चाललंय म्हणायची आणि फोन ठेवल्यावर वाळलेले कपडे पुन्हा एकदा घड्या घालत बसायची. दिवसातून आपण किती वाक्यं बोललो हे ती मोजू लागली होती. भाजीवाल्याशी तीन. ऑटोवाल्याशी एक.

संक्रांतीनंतर एका दुपारी यशू न्हाणीघरात फार वेळ राहिली. नळ जोरात सुरू होता. रोशनीनं दाराला कान लावला. पाण्याच्या आवाजाआड पोरगी बोलत होती. "मंग ते म्हातारी म्हने, मी नाई उघडत जा. तू कोन हायेस? मी पाऊस हाये. मंग तं नाईच उघडत, माहा कापूस भिजते..." रोशनीनं दार ढकललं. यशूनं नळ बंद केला. बादलीसमोर ती उकिडवी बसली होती, प्लास्टर काढलेला हात गुडघ्यावर.

"सॉरी मम्मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रोशनी शाळेच्या ऑफिसात उभी राहिली. आज पंख्याखाली कुणी नव्हतं, पण असतं तरी ती बोलली असती.

"बंडूजी, तो रकाना सुधरवायचा आहे."

बंडूजींनी फाइल काढली. मी सांगतलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. "एक रेघ मारा, वर लिहा, बाजूले सही करा," म्हणाले. आणि मग, "बसा ताई. पानी घ्या."

ब्रिज क्लास स्टेजच्या मागच्या खोलीत भरत असे. सतरंजीवर अकरा मुलं आणि बाजारासारखा कालवा. रूपाली मॅडम वर्ध्याहून येत. शुक्रवारी त्या प्रत्येकाला घरी ऐकलेली गोष्ट सांगायला लावत, जशी ऐकली तशी, घरच्या बोलीत. बाकीची मुलं तिचं चित्र काढत आणि मग मॅडम त्या चित्रातले पाच शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहीत. पुढच्या शुक्रवारी त्या पाच शब्दांची दोन वाक्यं होत.

"घरी यशोधराशी जास्त कोण बोलतं?" त्यांनी विचारलं.

"आता कुणीच नाही," रोशनी म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. फॉर्मपासून.

रूपाली मॅडम ऐकत होत्या. त्यांनी एका मुलाच्या नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "ताई, विरजन घरून यावं लागते. दही मी लावते. आजीले बोलवा परत."

तिसऱ्या शुक्रवारी गेटवर त्या मुद्दाम थांबल्या होत्या. "बोलली आज. 'एक म्हातारी होती, ते बोंडात राहे.' एवढंच. पन सगळ्यायनं ऐकलं." रोशनीनं मनातल्या मनात शब्द मोजले. सहा होते.

केळझरला तिनं त्याच संध्याकाळी फोन लावला. सीताबाईंनी उचलला आणि विचारलं, "यशू जवळ हाये काय? मंग मी ठेवते." आणि ठेवला. दोन दिवसांनी रोशनीनं रूपाली मॅडमनाच बोलायला लावलं. पलीकडून नुसतं 'हो मॅडम, हो मॅडम' येत होतं. रोशनीनं फोन कानाला लावला तशी सीताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या त्याच मॅडम नं, ढ पोरायच्या? तूच सांगत होती."  मग रोशनीनं वर्गशिक्षिकांना गळ घातली, पण त्यांचं मत बदललं नव्हतं. फोन करायला त्यांनी नकार दिला. रत्नदीपनं चाकणहून सांगून पाहिलं. "तू तं बायकोचंच बोलशीन," असं त्याला ऐकावं लागलं.

शेवटी एका रविवारी ती यशूला घेऊन गेली. सीताबाईंनी पोरीला ओट्यावरच कवटाळलं, तिचं मनगट दाबून दाबून पाहिलं, मुरमुऱ्याचा लाडू हातात दिला. सगळं न बोलता.

"आजी, बोल नं वं," यशू म्हणाली. "आता चालते. मॅडमनं सांगतलं."

सीताबाई हसल्या आणि त्यांनी मान हलवली. रोशनीला आत चुलीपाशी नेऊन त्या कुजबुजल्या, "तू मनानं सांगून राह्यली. मले करमत नसन म्हनून. तुह्या मनात चांगलं हाये, मले समजते. पन शाळेचा शब्द मोडू नोको. पोरगी आता बोलाले लागली म्हन्ते नं? मी नाई तिथं, म्हनूनच लागली."

"नाही आई. उलट आहे ते. मी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. चुकी माझी आहे."

"तू शिकलेली हायेस. तुही चुकी कशी होईन?"

बाहेर आल्यावर यशूनं आजीला समोर बसवलं आणि तीच गोष्ट सांगू लागली, बोंडातल्या म्हातारीची. पाऊस येऊन गेला, वारा येऊन गेला. गोष्ट ऐकणाऱ्यानं मधे मधे हूं म्हणायचं असतं, नाहीतर सांगणाऱ्याला पुढं जाता येत नाही. यशू प्रत्येक वेळी थांबत होती. सीताबाईंचे डोळे गोष्टीबरोबर चालत होते, मान हलत होती, पण हूं येत नव्हतं.

"आजी, हूं म्हन," यशू म्हणाली. मग जरा वाट पाहून स्वतःच हूं म्हणाली आणि पुढं गेली.

निघताना शेजारची अंजू स्टँडपर्यंत आली. तिनं यशूला पुढं जाऊ दिलं आणि म्हणाली, "वैनी, काकू आता आमच्याशी पन नाई बोलत. विहारात येतात, वंदना होते, बसतात, जातात. पयले आख्खी गल्ली त्यायच्या आवाजानं उठे. विचारलं तं म्हनतात, सवय मोडली."

सोमवारी यशू शाळेत गेली आणि शुक्रवारी तिनं चार वाक्यं सांगितली, त्यातलं एक इंग्रजीत. रोशनीनं केळझरला फोन केला. घंटा वाजत राहिली.

तेव्हा ही गोष्ट वाचणाऱ्यांपाशी रोशनीचं एक मागणं आहे. केळझरला गणपतीच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळ जण येता. टेकडी उतरलात की गावात या, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर, दाराशी तुळतुळीत सारवलेला ओटा. सीताबाई म्हणून हाक मारा. सुनेचं त्या ऐकत नाहीत, पण शिकलेल्या परक्या माणसाचं ऐकतात. पोरीशी बोलायला शाळेनंच सांगितलंय, असं सांगा. ते खरं आहे. आणि सांगून लगेच उठू नका. घरची, गावची काहीतरी गोष्ट काढा, मधे थोडं थांबा, आणि त्या हूं म्हणतात का, तेवढं बघून या.